शेजार निवडणारी विद्यापीठं

अबुधाबीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उन्हाची धग नुकती कुठे उतरायला लागलेली असते. संध्याकाळी यास बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि एतिहाद अरेनाच्या दाराशी बास्केटबॉलच्या जर्सी घातलेली मुलं जमू लागतात. त्यांत फिलिपिनो असतात, लेबनीज असतात, मल्याळी असतात आणि आपली मराठीही असतात. 2022 पासून दरवर्षी एनबीएचे दोन मोसमपूर्व सामने इथे होतात. पहिल्या वर्षी मिलवॉकी बक्स आणि अटलांटा हॉक्स आले, 2023 मध्ये डॅलस मॅव्हरिक्स आणि मिनेसोटा टिंबरवूल्व्ज, 2024 मध्ये बॉस्टन सेल्टिक्स आणि डेन्व्हर नगेट्स, तर 2025 मध्ये न्यू यॉर्क निक्स आणि फिलाडेल्फिया सेव्हंटी सिक्सर्स. पॅरिस ऑलिंपिकला निघालेला अमेरिकेचा संघ जुलै 2024 मध्ये याच कोर्टवर ऑस्ट्रेलिया आणि सर्बियाशी खेळून गेला. मे 2025 मध्ये युरोलीगची अंतिम चार संघांची स्पर्धाही इथेच झाली. इस्तंबूलच्या फेनरबाचेने मोनॅकोला 81–70 असं हरवून करंडक उचलला.

इतक्या थोड्या वर्षांत एखाद्या शहराच्या दारात इतका मोठा खेळ येऊन उभा राहावा, ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण पाहुणे सामना संपला की विमानात बसतात. गावात खेळ रुजायचा तर वर्षभर, आठवड्यामागून आठवडे, कुणीतरी कुणाशीतरी खेळत राहावं लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो तो हाच की आपण नेमकं कुणाशी खेळायचं? अमेरिकेतली विद्यापीठं या प्रश्नाने गेली काही वर्षं ढवळून निघाली आहेत. शंभर वर्षांचे शेजार मोडले, नवे जुळले, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या सगळ्या घडामोडीत एका विद्यापीठाची कहाणी वेगळी उठून दिसते, आणि त्याच विद्यापीठाचं एक आवार अबुधाबीच्या सादियात बेटावर आहे. ती कहाणी आखातातल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी वाचकांनी जाणून घ्यावी, म्हणून हा लेख.

आपला झोन, त्यांची कॉन्फरन्स

आपल्याकडे कॉलेजच्या संघाला प्रतिस्पर्धी निवडावे लागत नाहीत. कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न, त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान वगैरे राज्यांतल्या विद्यापीठांशी भिडतो. तिथे वरचे क्रमांक मिळवणारे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहोचतात. कोण कुणाशी खेळणार हे भूगोलाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आपल्या कॉलेजांचं मैदान बदललं आहे ते सरकारी निर्णयाने. सोलापूरची कॉलेजं अनेक वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा खेळत होती. 2004 साली सोलापूर जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांशी असलेलं मैदानावरचं नातं तुटलं. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हाही तसंच घडलं. विद्यापीठ जवळ आलं, कामं सोपी झाली, हे खरंच. पण ज्या कॉलेजविरुद्ध खेळताना हातपाय सळसळायचे ते कॉलेज आता वेळापत्रकात नाही, याची चर्चा त्या वेळी फारशी कुणी केली नाही. खेळाडूंना मात्र ते जाणवल्याशिवाय राहिलं नसेल.

अमेरिकेत ही निवड विद्यापीठ स्वतः करतं. विद्यापीठांच्या खेळांची तिथली मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून अधिक विद्यापीठं आहेत आणि ती तीसएक कॉन्फरन्समध्ये विभागलेली आहेत. कॉन्फरन्स हा विद्यापीठांनी स्वखुशीने केलेला गट. त्याला स्वतःचा आयुक्त असतो, स्वतःचे नियम, टीव्ही वाहिन्यांशी स्वतःचा करार आणि स्वतःची तिजोरी. मोसमातले निम्म्याहून अधिक सामने गटातल्याच संघांशी होतात. गटात यायचं तर निमंत्रण लागतं, गटातून जायचं तर आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि बहुतेक ठिकाणी भक्कम दंडही भरावा लागतो.

बास्केटबॉलमध्ये या गटाला फार महत्त्व आहे, कारण सगळ्यांचे डोळे मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेकडे लागलेले असतात. तिथे 68 संघांना जागा आहे. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो आणि उरलेले संघ एक समिती निवडते. ही समिती तुम्ही किती सामने जिंकलात हे पाहते, तसंच ते कुणाविरुद्ध जिंकलात हेही पाहते. दुबळ्या शेजाऱ्यांना वीस वेळा हरवलं तरी पदरात फारसं पुण्य पडत नाही. त्यातच पैशाचा भाग येतो. या स्पर्धेत संघ जितके सामने खेळतो, तितकी ‘युनिटं’ त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतात. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण 20 लाख डॉलर होतात. पैसे कॉन्फरन्सकडे जातात आणि तिथून सभासदांत वाटले जातात. म्हणजे एक संघ जिंकत राहतो आणि त्याच्या कमाईवर सगळा गट पोसला जातो, असंही होतं.

गोन्झागाचा हिशेब

असंच झालं गोन्झागा विद्यापीठाच्या बाबतीत. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं हे जेझुइट विद्यापीठ, मुंबईच्या सेंट झेवियर्सच्याच परंपरेतलं. स्थापना 1887 ची. अमेरिकी फुटबॉलचा संघ त्यांनी 1941 नंतर चालवलाच नाही. त्यामुळे विद्यापीठाची सगळी क्रीडाप्रतिष्ठा बास्केटबॉलवर उभी आहे. त्यांचं स्वतःचं स्टेडियम जेमतेम 6 हजार प्रेक्षकांचं. पण 1999 पासून हा संघ राष्ट्रीय स्पर्धेला एकदाही मुकलेला नाही. त्याच वर्षी मुख्य प्रशिक्षक झालेले मार्क फ्यू पुढे अडीच दशकांहून अधिक काळ तिथेच राहिले. 2017 मध्ये संघ अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडून 71–65 असा हरला. 2021 मध्ये तर 31 विजय आणि एकही पराभव नाही अशा विक्रमासह तो अंतिम सामन्यात उतरला आणि बेलरकडून 86–70 असा हरला.

गोन्झागा 1979 पासून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये होतं. या गटात सेंट मेरीज, सॅन फ्रान्सिस्को, सँटा क्लारा, सॅन दिएगो अशी खाजगी, बहुतेक चर्चशी नातं असलेली, आकाराने लहान विद्यापीठं. मूल्यं जुळणारी, स्वभाव जुळणारा, पण खेळाचा दर्जा न जुळणारा हा शेजार होता. गोन्झागा आपल्या गटातल्या बहुतेकांना सहज हरवायचं आणि मार्चमध्ये एकदम देशातल्या सर्वांत दणकट संघांसमोर उभं राहायचं. शिवाय गटाच्या तिजोरीत येणारा पैसा बहुतांशी त्यांच्याच घामाचा होता.

2018 मध्ये त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्समध्ये जाण्याचा गंभीरपणे विचार केला. ही बातमी पसरताच जुन्या गटाने चर्चा सुरू केली. गटातले सामने 18 वरून 16 वर आणले, म्हणजे गोन्झागाला बाहेरच्या बलाढ्य संघांशी खेळायला मोकळे दिवस मिळाले. राष्ट्रीय स्पर्धेत कमाई करणाऱ्या संघाच्या पदरात त्या कमाईचा जास्त वाटा पडेल अशी सोय केली. गोन्झागा थांबलं. मला या प्रकरणातला हा टप्पा सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. घर सोडण्याआधी घरातल्या माणसांशी पैशाबद्दल आणि वेळेबद्दल स्पष्ट बोलता येतं, आणि बोललं तर कधीकधी घर सुधारतं.

सुधारलेलं घरही पुढे कमी पडलं. 2023 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ वेस्ट कोस्ट सोडून बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. गटातला एक दमदार प्रतिस्पर्धी कमी झाला. 1 ऑक्टोबर 2024 रोजी गोन्झागाने जाहीर केलं की 2026 च्या जुलैपासून आपण पॅक-ट्वेल्व्हमध्ये जाणार. जवळजवळ अर्धशतकाचा शेजार सुटला. फुटबॉल नसलेल्या विद्यापीठाला केवळ बास्केटबॉलच्या जोरावर असं निमंत्रण मिळणं हे दुर्मीळ आहे.

नकाशा फाटला तेव्हा

ज्या पॅक-ट्वेल्व्हने गोन्झागाला बोलावलं ती तोवर जवळजवळ रिकामी झाली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा हा शंभर वर्षांहून जुना परिवार. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या दोन विद्यापीठांनी आपण बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेनचा सगळा पसारा मध्य-पश्चिम आणि पूर्वेकडचा. पण त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा, 7 अब्ज डॉलरहून मोठा करार केला. मुख्य पैसा फुटबॉलचा. मग ऑरेगन आणि वॉशिंग्टन गेले, इतर चौघे बिग ट्वेल्व्हमध्ये गेले, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. प्रशांत महासागराच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या नावाच्या गटात! 2024 च्या उन्हाळ्यात बारातली दहा निघून गेली होती. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच मागे राहिली, आणि त्यांनीच नवे सभासद गोळा करून गट पुन्हा उभा करायला घेतला.

फुटबॉलच्या संघाला शनिवारी एक सामना असतो. मोसमात परगावी जाणं पाच-सहा वेळाच. बास्केटबॉलचं तसं नाही. गटातले सामने आठवड्यात दोनदा, त्यांतले बरेच मधल्या वारी, रात्री उशिरापर्यंत. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाशी खेळायला जायचं तर सुमारे 3900 किलोमीटरचा प्रवास आहे. अबुधाबीहून मुंबई सुमारे 2000 किलोमीटर. म्हणजे आपण सुट्टीत ज्या प्रवासाची महिनाभर आधी तयारी करतो, त्याच्या जवळपास दुप्पट अंतर कापून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी तीन घड्याळी तासांच्या फरकात सामना खेळायचा, रात्रीचं विमान पकडायचं आणि सकाळी प्रयोगशाळेत हजर राहायचं. फुटबॉलच्या पैशासाठी आखलेल्या नकाशाची किंमत बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणारी मुलं मोजतात. या मुलांनी त्या कराराच्या टेबलावर बसून होकार दिलेला नव्हता, ही गोष्ट मला मनापासून चुकीची वाटते.

उलट दिशेचं उदाहरणही आहे आणि ते आवर्जून सांगायला हवं. कनेटिकट विद्यापीठ हे बास्केटबॉलमध्ये बिग ईस्ट गटातलं मोठं नाव होतं. 2013 मध्ये फुटबॉलमुळे हा गट दुभंगला आणि कनेटिकटला नव्या अमेरिकन कॉन्फरन्समध्ये राहावं लागलं. तिथे टेक्सास, फ्लोरिडा, ओक्लाहोमा अशा दूरच्या संघांशी सामने. जुने शत्रू गेले, गर्दी ओसरली. 2020 मध्ये विद्यापीठाने एक धाडसी निर्णय अमलात आणला. फुटबॉलला कुठल्याही गटाविना सोडलं आणि बास्केटबॉलला परत बिग ईस्टमध्ये नेलं, जिथे प्रोव्हिडन्स, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा असे बसने गाठता येणारे जुने प्रतिस्पर्धी होते. 2023 आणि 2024 मध्ये लागोपाठ दोनदा त्यांचा पुरुष संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि 2025 मध्ये महिला संघ. केवळ गट बदलल्याने विजेतेपद मिळतं असं कुणी म्हणणार नाही. चांगला प्रशिक्षक आणि चांगले खेळाडू लागतातच. पण ज्या शेजारात आपला खेळ फुलतो तिथे परतण्याची हिंमत त्यांनी दाखवली आणि त्याचं चीज झालं.

मोठेपण उतरवून ठेवणारं विद्यापीठ

आता अबुधाबीशी जोडलेल्या विद्यापीठाकडे वळू. 29 डिसेंबर 1934 च्या रात्री न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 16 हजारांहून अधिक माणसं कॉलेजचा बास्केटबॉल बघायला जमली होती. नेड आयरिश या क्रीडापत्रकाने भरवलेला तो कार्यक्रम. त्या रात्रीचा मुख्य सामना न्यू यॉर्क विद्यापीठ आणि नोत्र दाम यांच्यात झाला आणि न्यू यॉर्क विद्यापीठाने तो 25–18 असा जिंकला. तोवर विद्यापीठांच्या छोट्या व्यायामशाळांत खेळला जाणारा खेळ त्या रात्रीनंतर मोठ्या तिकीटबारीचा खेळ झाला. 1945 मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलं आणि ओक्लाहोमा ए अँड एमकडून 49–45 असं हरलं. 1960 मध्ये ते पुन्हा अंतिम चारांत होतं.

त्या झगमगाटाला एक काळी बाजू होती. 1951 मध्ये सामने ‘फिक्स’ केल्याचं प्रकरण बाहेर आलं. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचं अंतर कमी-जास्त करायचं, असा तो धंदा. न्यू यॉर्कमधली सिटी कॉलेज, लाँग आयलंड, मॅनहॅटन आणि न्यू यॉर्क विद्यापीठ यांचे खेळाडू त्यात सापडले. बाहेरच्या केंटकी, ब्रॅडलीसारख्या विद्यापीठांपर्यंत ते लोण गेलेलं होतं. सिटी कॉलेजने तर आदल्याच वर्षी देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. एका शहराचा अभिमान काही महिन्यांत मातीला मिळाला.

पुढे 1971 मध्ये, पैशाची ओढाताण असताना, न्यू यॉर्क विद्यापीठाने पुरुषांचा बास्केटबॉल संघ बंदच केला. दोन वर्षांनी त्यांना ब्राँक्समधलं आपलं आवारही विकावं लागलं. संघ परत सुरू झाला तो 1983 मध्ये, पण पूर्वीच्या पायरीवर नव्हे. तो तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये आला. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. विद्यार्थी आधी अभ्यासाच्या गुणवत्तेवर प्रवेश मिळवतो आणि मग संघात येतो.

1986 मध्ये त्यांनी आपल्यासारखाच विचार करणाऱ्या संशोधनप्रधान विद्यापीठांबरोबर युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशन हा गट स्थापला. त्यात ब्रँडाइस, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, शिकागो, एमोरी, रॉचेस्टर आणि सेंट लुईचं वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. यांतलं शिकागो विद्यापीठ एकेकाळी बिग टेनचं संस्थापक सभासद होतं. 1935 मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पहिला मान त्यांच्या जे बर्वँगरला मिळाला. चारच वर्षांनी, 1939 मध्ये, विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल संघ बंद केला आणि 1946 मध्ये विद्यापीठ बिग टेनमधून बाहेर पडलं. म्हणजे या गटात मोठेपण चाखून ते स्वतःहून उतरवून ठेवणारी दोन विद्यापीठं एकत्र बसली आहेत.

या गटाचा नकाशाही छोटा नाही. बॉस्टनपासून अटलांटापर्यंत आणि न्यू यॉर्कपासून सेंट लुईपर्यंत तो पसरलेला आहे, विमानाशिवाय जमत नाही. पण वेळापत्रक विद्यार्थ्याचा विचार करून आखलेलं आहे. आठ संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे प्रत्येकाचे 14 सामने. बहुतेक सामने शुक्रवारी आणि रविवारी. संघ शुक्रवारी एका शहरात खेळतो, शनिवारी पुढच्या शहरात जातो, रविवारी दुपारी दुसरा सामना खेळतो आणि रात्री घरी परततो. सोमवारी सकाळी वर्गात खुर्ची रिकामी राहत नाही. गटाची वेगळी बाद स्पर्धा नाही, साखळीत जो पहिला तोच विजेता. त्यामुळे वर्षातला एक आठवडा आणखी वाचतो.

यामुळे खेळ पातळ होतो का? न्यू यॉर्क विद्यापीठाच्या मुलींनी याचं उत्तर दिलं आहे. 1997 मध्ये त्यांनी तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. मग 2023–24 च्या मोसमात 31 पैकी 31 सामने जिंकून त्या पुन्हा विजेत्या ठरल्या आणि 2024–25 मध्ये परत 31 पैकी 31. दोन पूर्ण मोसमांत एकही पराभव नाही. यांतल्या एकाही मुलीला खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती. योग्य शेजार मिळाला तर विद्यार्थी आणि खेळाडू या दोन्ही भूमिका एकाच माणसात पूर्ण ताकदीने राहू शकतात, याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

सादियातचं आवार

अबुधाबी सरकारच्या पाठबळावर न्यू यॉर्क विद्यापीठाने इथे पूर्ण पदवी देणारं आवार उभारायचं ठरवलं. 2010 मध्ये साधारण दीडशे विद्यार्थ्यांची पहिली तुकडी शहराच्या मध्यवस्तीत शिकू लागली. 2014 मध्ये ती पदवीधर झाली तेव्हा समारंभाला बिल क्लिंटन आले होते. त्याच वर्षी विद्यापीठ सादियात बेटावरच्या नव्या आवारात गेलं. वास्तुकार राफाएल विन्योली यांनी आखलेल्या या आवारात गल्ल्यांसारखे सावलीचे रस्ते आहेत, पोहण्याचा तलाव आहे आणि बास्केटबॉलची कोर्ट्‌सही. 2025 मध्ये एनबीएने आपली जागतिक अकादमी याच आवारात सुरू करण्याचं जाहीर केलं. अमेरिकेबाहेरच्या शाळकरी वयातल्या होतकरू मुलामुलींना तिथे शिकता-शिकता खेळाचं प्रशिक्षण मिळावं, हा तिचा हेतू.

या आवाराचे संघ एनसीएएमध्ये नाहीत. ते अमिरातीतल्या इतर विद्यापीठांशी खेळतात. इथल्या विद्यापीठांचा परिवार तसा तरुण आहे. अल ऐनचं संयुक्त अरब अमिरात विद्यापीठ 1976 चं, दुबईचं अमेरिकन विद्यापीठ 1995 चं, शारजाचं अमेरिकन विद्यापीठ 1997 चं, अबुधाबी विद्यापीठ 2003 चं. अंतरं मात्र फार सोयीची आहेत. अबुधाबी ते दुबई सुमारे 140 किलोमीटर, अल ऐन 160 किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळचे तास आटोपून बसने जावं, सामना खेळावा आणि मध्यरात्रीच्या आत वसतिगृहात परतावं, एवढ्या अंतरात एक अख्खी विद्यापीठ-लीग सामावते. अमेरिकेतल्या कुठल्याही कॉन्फरन्सच्या आयुक्ताने हेवा करावा असा हा नकाशा आहे.

पण इथला दमदार खेळ विद्यापीठांत नाही, क्लबांत आहे. अबुधाबीचे अल वहदा, अल जझिरा यांसारखे क्लब फुटबॉलसाठी ओळखले जातात आणि इतर खेळही चालवतात. स्थानिक मुलगा लहानपणी क्लबात जातो आणि तिथेच मोठा होतो, विद्यापीठाचा संघ त्याच्या वाटेवरचा मुख्य थांबा नसतो. क्लबही आता आपला शेजार नव्याने शोधत आहेत. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना फिबाने पश्चिम आशियातल्या क्लबांसाठी वेस्ट एशिया सुपर लीग सुरू केली. दुबईत तर त्याहून मोठी उडी घेतली गेली. 2023 मध्ये स्थापन झालेला दुबई बास्केटबॉल हा क्लब 2024–25 मध्ये थेट एबीए लीगमध्ये, म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया अशा देशांतल्या संघांच्या लीगमध्ये खेळायला लागला. पहिल्याच घरच्या सामन्यात त्यांनी बेलग्रेडच्या नावाजलेल्या त्सर्वेना झ्वेझ्दाला हरवलं. पुढच्याच मोसमात युरोलीगने आपले संघ 20 केले आणि दुबईला त्यात घेतलं.

व्यावसायिक क्लबाला हे शोभतं. त्याचे खेळाडू पगारी आहेत आणि प्रवास हा त्यांच्या नोकरीचाच भाग. विद्यापीठाने तोच रस्ता धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या सादियातच्या किंवा दुसऱ्या एखाद्या आवारातल्या संघाला दूरदेशीच्या स्पर्धेचं निमंत्रण आलं, प्रायोजक मिळाला, विमानाची तिकिटं मिळाली, तरी त्यांनी आधी 160 किलोमीटरच्या आतला शेजार घट्ट करावा. दर मोसमात त्याच संघाशी, त्याच ईर्षेने, घरी एकदा आणि परगावी एकदा खेळल्याशिवाय परंपरा तयार होत नाही.

मुंबईच्या नागपाड्याने हे आपल्याला दाखवून दिलं आहे. 1927 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं. आजूबाजूच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतली मुलं तिथे बास्केटबॉल खेळू लागली. चार पावलांवर दुसरा संघ, त्याच्याशी रोजची चुरस. त्या एवढ्याशा वस्तीतून भारतासाठी खेळणारे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या निघाले. 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे गुलाम अब्बास मुंतसिर त्यांतलेच. ना मोठं स्टेडियम, ना टीव्हीचा करार. जवळचा आणि तोडीचा प्रतिस्पर्धी मात्र रोज समोर होता.

पालकांसाठी थोडं

अबुधाबीत संध्याकाळी कुठल्याही उघड्या कोर्टवर उभं राहिलं तर आपली मुलं दिसतात. मे ते सप्टेंबर ती वातानुकूलित हॉलमध्ये खेळतात आणि हवा निवली की बाहेर येतात. शाळेच्या संघात, सीबीएसईच्या आंतरशालेय स्पर्धांत ती चमकतात आणि दहावीनंतर घरात विषय निघतो की खेळाच्या बळावर अमेरिकेला जाता येईल का? वाट आहे. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली. पंजाबची हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाकडून, म्हणजे गोन्झागाच्या जुन्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळली. दोघी डिव्हिजन वनमध्ये पोहोचल्या.

पण विद्यापीठाचं नाव आणि शिष्यवृत्तीची रक्कम पाहून थांबू नका. पहिला प्रश्न विचारा, संघ कुठल्या श्रेणीत आणि कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे, आणि पुढची चार वर्षं तिथेच राहणार आहे का? गेल्या काही वर्षांत प्रवेश एका गटात घेतलेल्या मुलांनी पदवी दुसऱ्याच गटात घेतली आहे. मग मोसमाचं वेळापत्रक मागवून घ्या आणि मंगळवार-बुधवारचे परगावचे सामने मोजा. त्या दिवसांचे तास आणि परीक्षा कशा भरून काढतात, हे प्रशिक्षकाला आणि संघातल्या जुन्या खेळाडूलाही विचारा. ज्या विषयाची पदवी हवी आहे त्याची प्रयोगशाळा सरावाच्या वेळेला आड येते का, हेही पाहा.

नियमांची माहिती लवकर घ्या. पहिल्या श्रेणीत खेळायचं तर एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते आणि माध्यमिक शाळेतले 16 मुख्य विषय-अभ्यासक्रम त्यांच्या निकषांत बसावे लागतात. म्हणजे विषयनिवड नववीपासूनच नीट हवी, बारावीत धावपळ करून भागत नाही. 2025–26 पासून तिथली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला कमाईबाबत कडक बंधनं असतात. वर्गमित्राला मिळणारा पैसा आपल्याला मिळेलच असं धरून चालू नका. आणि तिसऱ्या श्रेणीला कमी लेखू नका. खेळाची शिष्यवृत्ती नसली तरी गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीनुसार मदत देणारी उत्तम विद्यापीठं तिथे आहेत, आणि सोमवारी सकाळी वर्गात बसायची खात्री आहे.

हाच विचार आपल्या विद्यापीठांनीही करावा असं मला वाटतं. महाराष्ट्रात नवी विद्यापीठं आणि समूह विद्यापीठं होत राहतील, जिल्ह्यांची वाटणी बदलत राहील. त्या वेळी परीक्षा आणि संलग्नतेबरोबर मैदानावरच्या जुन्या चुरशींचाही हिशेब ठेवावा. सोलापूर आणि कोल्हापूरच्या कॉलेजांनी दरवर्षी एक मैत्रीचा करंडक खेळायचा ठरवला तर त्याला कुठलाही कायदा आड येत नाही.

कॉलेजने कुठल्या गटात खेळावं याचं माप टीव्हीवरच्या प्रेक्षकसंख्येत नसून विद्यार्थ्याच्या आठवड्यात आहे. तो किती वर्गांना बसला, किती झोपला, किती वेळा तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळला आणि चार वर्षांनी हातात काय घेऊन बाहेर पडला, यावरूनच निवड बरोबर की चूक हे ठरतं. तुमच्या घरात बास्केटबॉल खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर विद्यापीठांच्या यादीशेजारी त्या संघांची वेळापत्रकंही ठेवा आणि दोन्ही एकत्र बसून वाचा.